चार मोजेपर्यंत

“…मग दोन्ही वेळा तेच वाक्य कसं लिहिलं त्यांनी?”

ऋजुता बोरस्तेने पत्र टेबलावर आपटलं. लंडनहून आलेलं. दुसऱ्यांदा नापास झाल्याचं.

सिल्व्हेस्टर ब्रदर चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता.

“काय लिहिलंय? वाच.”

“पाठ आहे मला. ‘वर्णन निर्दोष. वाइन मात्र कुठे दिसत नाही.’ वेगळं वर्ष, वेगळे परीक्षक, आणि वाक्य तेच!”

“चांगलं वाक्य आहे.”

“ब्रदर…”

“नाही, खरंच. मला सुचलं नसतं.”

ऋजुताने डोळे मिटून घेतले. तीन वर्षं ती या माणसाकडे शिकली होती, आणि तीन वर्षं या माणसाने तिला असंच छळलं होतं.

दिंडोरीच्या पुढे, डोंगराला टेकून, ब्रदरांचा आश्रम आहे. अकरा संन्यासी, एक प्रार्थनामंदिर, तीन एकर द्राक्षं आणि एक तळघर. आसपासच्या चर्चमध्ये वेदीवर लागणारी वाइन या तळघरात तयार होते. ब्रदर मूळचे वसईकडचे. ऐन तारुण्यात नऊ वर्षं ते फ्रान्समधल्या एका मठाच्या द्राक्षमळ्यात राबले आणि तिथली जीभ घेऊन परत आले. आता वय एकोणऐंशी. मुंबईचे हॉटेलवाले गाड्या काढून त्यांचा सल्ला घ्यायला येतात. ब्रदर त्यांना झाडाचे पेरू खायला घालतात आणि परत पाठवतात.

ऋजुताला मात्र त्यांनी शिकवलं होतं. आता ती मुंबईत, परदेशी वाइन आणणाऱ्या एका कंपनीत, चव पाहण्याचं काम करत होती. वय सत्तावीस. तिच्या नाकाचा दबदबा होता. तो आहे हे तिलाही चांगलं ठाऊक होतं.

अडत होतं ते लंडनच्या, वाइन पारखण्याच्या या एका परीक्षेपाशी.

“मंगळवारी तिसरी आहे,” ती म्हणाली. “चौथी नसते. तिसऱ्यांदा गेले की नाव कायमचं काढून टाकतात. पांढऱ्या वाइनमध्ये मी पास. कोवळ्या लालमध्ये पास. जुनी लाल समोर आली की संपलं. मला अडीचला इथून निघायचंय, पहाटेचं विमान आहे. तीन तास आहेत माझ्याकडे. माझं कुठे चुकतं, एवढंच सांगा.”

“बाटली आणलीस?”

“आणलीस काय! तीन आठवड्यांपूर्वी इथेच ठेवून गेले. तुमच्यासमोर.”

“हो का… उभी?”

“उभी. गाळ तळाला बसावा म्हणून. एवढं कळतं मला.”

“कळतं, कळतं,” म्हणत ब्रदर उठले.

बाटली फ्रान्समधल्या बोर्डोची होती, १९७८ची. लेबल ओलीने सडलेलं. त्यामुळे ती पाहुण्यांपुढे ठेवता येईना, म्हणून मुंबईच्या एका हॉटेलातल्या ओळखीच्या माणसाने ती ऋजुताला देऊन टाकली होती. तशी दुसरी तिच्या हाती लागणार नव्हती.

ब्रदरांनी बाटली दोन्ही हातांत, तान्हं मूल धरावं तशी, पण सरळ उभी धरून आणली.

“अण्णांना दाखवलीस का ही?”

“फोटो दाखवला. म्हटलं, बोर्डोची आहे. तर म्हणाले, ‘आपण फवारतो ती?’”

ब्रदरांना इतकं हसू आलं की खोकला लागला. अण्णा म्हणजे ऋजुताचे वडील. निफाडकडे त्यांची सहा एकर द्राक्षबाग, खायच्या द्राक्षांची. निळं बोर्डो मिश्रण जन्मभर पाठीवर वाहून त्यांनी वेलींवर मारलं होतं. त्या नावाचं शहर आहे आणि तिथे लोक राहतात, हे त्यांना लेकीमुळे कळलं.

“मग हो म्हणायचं होतंस,” ब्रदर डोळे पुसत म्हणाले. “तीच म्हणून.”

“ब्रदर, वेळ जातोय.”

“हो, हो.”

बूच निघताना मधोमध मोडलं. ऋजुताच्या तोंडून शिवी निसटली. ब्रदरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. उरलेलं बूच त्यांनी हळूच आत ढकललं, एका काचेच्या जगवर मलमलचा तुकडा धरला आणि मेणबत्ती पेटवून बाटलीच्या मानेखाली ठेवली. ज्योतीच्या उजेडात वाइन मानेतून येताना दिसत होती. गाळाचा पहिला काळा धागा दिसला तसा त्यांनी हात थांबवला.

मग त्यांनी एक ग्लास ठेवला, आणि त्याच्या शेजारी पिकदाणी. पितळी, पोट सुटलेली. कुठल्याशा बंगल्याच्या लिलावातून आश्रमात आलेली. चव पाहणारा माणूस वाइन पीत नाही. घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. या तळघरात शिकलेले सगळे या पिकदाणीत थुंकून गेले होते.

“एकच ग्लास?” ऋजुताने विचारलं.

“मी नुसता वास घेईन. तू बस. आणि हे बघ, ही पन्नाशीला टेकलेली म्हातारी आहे. इतकी वर्षं कोंडलेली. दार उघडल्यावर थोडा वेळ बोलेल, मग जाईल. अर्धा तास. फार तर.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहेच.”

ऋजुताने ग्लास कागदावर तिरका धरला. रंग पाहिला. नाक घातलं. घोट घेतला. जीभ, टाळू, गाल, पुन्हा जीभ… आणि पिकदाणीत थुंकली. नेम अचूक. एक शिंतोडा बाहेर नाही.

ब्रदरांची बोटं टेबलावर वाजत होती.

तिने झरझर लिहिलं आणि वाचून दाखवलं. “मध्याला माणकाचा रंग, कडेला विटकरी. नाकाला काळं करंट, वाळलेलं. देवदार. सिगारची पेटी. शेवटी व्हायोलेटची फुलं. आम्ल टिकून आहे, तुरटपणा विरघळलाय. शंभरपैकी ब्याण्णव.”

“सिगारची पेटी?”

“हो.”

“कोणाची?”

“कोणाची म्हणजे?”

“तुमच्याकडे कोण ओढायचं सिगार? अण्णा?”

“ब्रदर, अण्णांनी तपकीरसुद्धा ओढली नाही कधी. ही जगाची भाषा आहे. सगळे तेच लिहितात.”

“आणि करंट? ते विलायती फळ खाल्लंयस कधी?”

“मला माहीत होतं!” ऋजुता खुर्चीतून अर्धी उठली. “मला माहीत होतं तुम्ही इथेच येणार. करंट कशाला, करवंद लिही. देवदार कशाला, पेन्सिलीचं टोक काढल्यावरचा भुसा लिही. आपल्या मातीतलं लिही. केलं ते! मागच्या परीक्षेला करवंद लिहिलं, जांभूळ लिहिलं, सुकलेलं कोकम लिहिलं. परीक्षकांनी समासात खूण केली, ‘ताजेपणा आवडला’ म्हणून. आणि खाली? खाली तेच वाक्य.”

ब्रदर विचारात पडले.

“करवंद लिहिलंस?”

“लिहिलं.”

“तरी नापास?”

“तरी नापास.”

“मग मला नाही सांगता येत,” ब्रदर म्हणाले. “मी करवंदच सांगणार होतो.”

ऋजुताला हसावं की रडावं कळेना. तिने घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस. टेबलाखाली तिचा पाय हलत होता, त्याने मेणबत्तीची ज्योतही हलत होती.

“परत घे,” ब्रदर म्हणाले.

तिने परत घेतली. घोळवली. थुंकली.

ब्रदरांची बोटं वाजली.

“ती बोटं वाजवू नका ना. लक्ष जातं माझं.”

“बरं.”

तिसऱ्यांदा. घोट, जीभ, टाळू, पिकदाणी. या वेळी ब्रदरांचा हात टेबलावर नव्हता. गुडघ्यावर होता. तिथे बोटं हलत होती.

“चार,” ते म्हणाले.

“काय चार?”

“पहिल्यांदा चार. दुसऱ्यांदा चार. आत्ता साडेतीन. रागावली होतीस ना.”

“काय मोजताय तुम्ही?”

“तोंडात घेतल्यापासून थुंकेपर्यंत.”

ऋजुताने ग्लास खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, “थुंकावंच लागतं! दिवसाला साठ-साठ वाइन असतात. सगळं जग थुंकतं.”

“सगळं जग थुंकतं. मीसुद्धा. कोणी पंधरा मोजून, कोणी वीस. थुंकण्यात काही वाईट नाही.”

“मग?”

“कोवळी वाइन चारात सगळं सांगून टाकते. तिला दम नसतो. तुझ्यासारखी असते ती. ही…” त्यांनी काचेच्या जगकडे पाहिलं. “ही चारात तोंडसुद्धा उघडत नाही. आणि तू तर तोंडात घेतेस तीच थुंकायला.”

ऋजुताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

कारण तिला ठाऊक होतं.

बोरस्त्यांच्या घरात चार पिढ्या तुळशीची माळ. अण्णा खोकल्याचं औषधसुद्धा वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचून, नाही कळलं तर दुकानदाराकडून वाचून घेऊन मगच घ्यायचे. सहा वर्षांपूर्वी लेक म्हणाली, मला वाइनची चव शिकायची आहे. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तिला समोर बसवलं, तिचा हात आपल्या गळ्यातल्या माळेवर ठेवला आणि म्हणाले, “विद्या आहे ना? मग शिक. वास घे. चव घे. पण थेंब पोटात जाता कामा नये. तेवढं दे मला.”

तिने दिलं.

सहा वर्षं. हजारो घोट. थेंब नाही. सोबतचे लोक संध्याकाळी ग्लास भरून बसत, ती ताक घेऊन बसे. तिला त्याचा अभिमान होता. आपल्याइतकी स्वच्छ जीभ या धंद्यात दुसरी नाही, असं ती कुणी न विचारता सांगायची.

“तुम्हाला सगळं माहीत आहे,” ती म्हणाली. “अण्णांना मी काय शब्द दिलाय ते.”

“माहीत आहे.”

“मग मोडू तो?”

“मी असं म्हटलं?”

“तुम्ही काहीच म्हणत नाही! सरळ सांगा ना. शब्द ठेवायचा तर परीक्षा जाणार. परीक्षा हवी तर शब्द जाणार. हेच ना? गावात लोक बोलतात, बोरस्त्यांची पोरगी दारू चाखते. अण्णा चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगतात, चाखते, पण थेंब पोटात जात नाही तिच्या. माझ्या जिवावर सांगतात ते. आणि मी एका कागदासाठी…”

तिने लंडनचं पत्र उलटं करून ठेवलं.

ब्रदर ग्लासमध्ये नाक घालून बसले होते.

“मीसुद्धा शब्द दिलाय,” ते म्हणाले. “पंचावन्न वर्षं झाली. वेदीवरचा घोट सोडून एक थेंब नाही.”

ऋजुताने मान वर केली. हे तिला माहीत नव्हतं. तीन वर्षांत तिने विचारलंच नव्हतं.

“मग तुम्हाला कसं काय कळतं सगळं?”

“वाइन तोंडात असते तेव्हा मला शब्द आठवत नाही.”

“आठवत नाही?” तिचा आवाज चढला. “आणि गेली पोटात म्हणजे?”

“गेली नाही कधी.”

“पण गेली असती तर?”

“तू चव घेत नाहीस, बाय,” ब्रदर म्हणाले. “पहारा देतेस.”

तळघरात कुठेतरी पिंपातून हवा सुटली. बुड… असा एक आवाज.

ऋजुता उसळली. तिच्याकडे नेहमी उत्तर असायचं. या वेळी जे आलं ते उत्तर नव्हतं, नुसता संताप होता. “पहारा द्यायचा नाही, तर काय करायचं? सगळं सोडून द्यायचं? बोलायला सोपं आहे. तुमचे अण्णा नाहीत निफाडला बसलेले. तुम्हाला अकरा माणसं आणि एक डोंगर. मला रोज वीस माणसं म्हणतात, अगं एक घोट गिळ, काय होतंय! मी सहा वर्षं एकटी उभी आहे त्या दारात. आणि तुम्ही म्हणता पहारा!”

“दमली असशील.”

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की ती खुर्चीत मागे टेकली.

“म्हातारी निघाली,” ब्रदर म्हणाले आणि ग्लास तिच्याकडे सरकवला.

तिने वास घेतला. सुरुवातीला जे फळ होतं ते विरळ झालं होतं, धुतलेल्या कपड्यातून साबणाचा वास जातो तसं. जगमध्ये वाइन बरीच होती. पण होती म्हणजे लाल पाणी होतं, आणि त्यातून काहीतरी उठून निघून चाललं होतं. अकरा सत्तावन्न.

“वीस मिनिटंच झाली! तुम्ही म्हणालात अर्धा तास!”

“फार तर, म्हणालो.”

“मी भांडत बसले… माझी सगळी बाटली मी भांडण्यात…”

ब्रदर छताजवळच्या झरोक्यातून उन्हाकडे पाहत होते. दुपारची घंटा तेच वाजवत. तीन ठोके, विराम. तीन ठोके, विराम. पुन्हा तीन, आणि मग सलग नऊ. घंटा वाजत असेपर्यंत आश्रमात जो जिथे असेल तिथे उभा राहतो आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणतो. कोणी बोलत नाही. हातातली कुदळही खाली ठेवत नाहीत. शिकत असताना ऋजुता त्या वेळात खांबाआड जाऊन मोबाइल पाहून घ्यायची.

“एक घोट घे,” ब्रदर म्हणाले. “मोठा.”

“परत मोजणार?”

“नाही. मी घंटेला जातो.”

तिने ग्लास उचलला. उरलं होतं तेवढं सगळं तोंडात घेतलं.

ब्रदरांनी टेबलावरची पिकदाणी उचलली, काखेत मारली आणि पायऱ्या चढून निघून गेले.

ऋजुताला कळायला एक क्षण लागला.

तिने आजूबाजूला पाहिलं. तळघरात मोरी नव्हती. फरशी होती. तीन वर्षं रोज सकाळी तिने स्वतः पुसलेली दगडी फरशी. जगमध्ये वाइन होती. ग्लासमध्ये थुंकता आलं असतं, पण ग्लास तिने धांदलीत पिंपावर ठेवला होता, आणि तिकडे जाण्याऐवजी ती पायऱ्यांकडे धावली. गाल फुगलेले. मुठी आवळलेल्या.

दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन.

ती उंबऱ्यापाशी आली आणि पहिला ठोका पडला.

अंगणात सगळे उभे होते. वेलींच्या रांगेत एक म्हातारा ब्रदर हातात कात्री घेऊन, मान खाली घालून. विहिरीपाशी एकजण बादली तशीच अधांतरी धरून. कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. उंबऱ्याच्या बाजूला माती होती. दोन पावलं.

दुसरा ठोका. तिसरा.

विराम.

चार होऊन गेले होते.

पाच. सहा. पाच मोजेपर्यंत वाइन आयुष्यात कधी तिच्या तोंडात राहिली नव्हती. सातवर ती कोमट झाली. तुरटपणाने हिरड्या आवळून धरल्या. तिने सवयीने शब्द शोधले. देवदार म्हटलं. आलं नाही. करवंद म्हटलं. तेही आलं नाही. जीभ रिकामी, डोकं रिकामं, आणि तोंड भरलेलं. कुणाला काही सांगता येत नव्हतं. भांडता येत नव्हतं. तिला वाटलं आता गुदमरणार आपण.

पुन्हा तीन ठोके.

विराम.

तुरटपणाने पकड सोडली. एकदम नाही. माणूस झोपेत मूठ सोडतो तशी.

आणि मोट आली.

अण्णांच्या शेडमधली. चामड्याची. विहिरीवर पंप बसला तेव्हा आजोबांनी ती आढ्याला टांगली, ती तिथेच आहे. पाणी काढायला कुणी वापरत नाही. पण दर दिवाळीला अण्णा ती खाली काढतात, तेल चोळतात, पुन्हा टांगतात. सहा-सात वर्षांची असताना ऋजुता तिच्यात डोकं घालायची. आत काळोख. जुनं कातडं, लोखंडाचा गंज, कधीकाळचं पाणी, कोपऱ्यात अडकलेली वाळकी पानं. बाहेरून अण्णांचा आवाज यायचा, खूप लांबून आल्यासारखा. “काय आहे गं आत?”

ती कधी उत्तर द्यायची नाही. बाहेर यावंसं वाटायचं नाही म्हणून.

तीन ठोके.

मग नऊ.

त्या नवांपैकी कुठल्यातरी ठोक्याला तिचं तोंड रिकामं झालं. कितव्या, ते तिला कळलं नाही. वास तसाच होता. आता तो घशात होता, छातीत होता, तिने श्वास सोडला तेव्हा बाहेरच्या उन्हातही होता.

घंटा थांबली. विहिरीवरच्या माणसाने बादली खाली ठेवली. कात्री चालू झाली.

ब्रदर आले तेव्हा ती खाली टेबलापाशी बसली होती. त्यांनी पिकदाणी घासून, धुऊन आणली होती. ती त्यांनी पूर्वीच्याच जागी ठेवली.

“तुम्ही मुद्दाम केलंत.”

“दार उघडं होतं.”

“सगळे प्रार्थनेला उभे होते. त्यांच्यासमोर थुंकणार होते का मी?”

“मी थुंकलो असतो,” ब्रदर म्हणाले.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते चेष्टा करत नव्हते.

“पोटात गेली,” ती म्हणाली. अगदी हळू.

“गिळलीस, की गेली?”

सगळ्या प्रश्नांना उत्तर असणारी मुलगी… तिने तीन वेळा सुरुवात केली.

“माहीत नाही.”

ब्रदरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि आज पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

तिने वही ओढली. पेन उघडलं. पानाच्या माथ्यावर साल लिहिलं. त्यापुढे पेन हलेना. तिने पेन मिटवलं.

“मंगळवारी पास होईन मी?”

“मला काय माहीत.”

“आणि अण्णा?”

जगच्या तोंडावर ब्रदरांनी मलमलचा तुकडा पसरला, त्याच्या कडा नीट केल्या.

टेबलावर ऋजुताचा फोन थरथरू लागला. आवाज बंद केलेला होता, त्यामुळे तो नुसता लाकडावर घुरघुरत पत्राच्या दिशेने सरकत होता. पडद्यावर नाव होतं. बागेतून येऊन, भाकरी खाऊन, अण्णा रोज याच वेळी फोन करत. आज तर लेक परदेशी निघालेली.

तिने हात पुढे केला. मागे घेतला.

“मी खोटं नाही बोलणार,” ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज तिचाच होता, तापलेला. “त्यांना आत्ताच्या आत्ता सांगणार. लपवणार नाही.”

“नको लपवूस.”

“पण काय सांगू? कसं सांगू मी त्यांना?”

फोन घुरघुरत होता.

ब्रदरांनी दोन बोटांत मेणबत्तीची वात दाबली.

“वास कसला आला, ते सांग.”